एक्कावन्न तबकड्यांचा नेम

निपाणीत जमैकाची गाणी ऐकणारा एक माणूस हाय असं म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं काय आलं ते मला इथनं दिसतंय. डोक्यावर जटा, विणलेली रंगीत टोपी, लाल डोळे, आणि गाव तंबाखूचं म्हटल्यावर धूर तर पाहिजेच. पुसून टाका सगळं. हा माणूस कांदा खात न्हाय, लसूण खात न्हाय, बटाटा ताटात दिसला तर ताट बदलतो. जटा म्हणाल तर डोक्यावर आठ-नऊ केस, ते पण खोबरेल लावून एका अंगाला झोपवलेले. धूर एकच, सकाळी आंघोळीच्या बंबाचा. आणि असल्या लिखाणात शेवटी माणूस मरतो, मग लिहिणारा डोळे पुसतो, अशी तुमची खात्री असणार. हा मरत न्हाय. परवाच फोन केलतो, मला दम भरून फोन ठेवला.

मी मूळचा जांबोटीकडचा. शाळा खानापुरात. मास्तरांचे आवाज काढून मार खाणे, ह्या विषयात माझा नंबर कधी खाली गेला न्हाय. बेळगावच्या स्टँडवर कन्नडमधनं गाड्या पुकारणाऱ्या बाईचा आवाज मी असा काढायचो की दोनदा माणसं उठून पिशव्या घेऊन पळाल्यात. पुढं एका कुरिअरच्या हापिसात चिकटलो आणि त्यांनी मला निपाणीला टाकलं. तिथं ह्याच माणसाच्या, म्हणजे आप्पांच्या माडीवरची खोली मिळाली.

मिळाली म्हणजे परीक्षा देऊन मिळाली. खोली बघायला गेलतो तर आप्पांनी नाव न्हाय, गाव न्हाय, जात न्हाय, काय विचारलं न्हाय. म्हणाले, ‘वर जा, आणि ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत चाल.’

चाललो. खालनं आवाज आला, ‘परत. तहान लागून उठलाईस तसं.’

परत चाललो.

‘आता हापिसाला उशीर झालाय तसं.’

मी आमच्या हेडमास्तरांची चाल काढली, शाळा तपासायला साहेब आल्यावर ते चालायचे तसली. खाली आलो तर आप्पा प्लेअरवर वाकून बसलेले, रेकॉर्ड फिरतीया, गाणं चाललंय. वर न बघताच म्हणाले, ‘सुई उडाली न्हाय. ऱ्हा.’ माझ्या आधी तिघं नापास झालते. त्यातला एक तर चांगला बँकेतला हुता, पण टाच आपटायचा.

आप्पा आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत कामाला. माल आला की पान नाकाला लावायचं आणि प्रत सांगायची. पेढीवाले त्यांच्या नाकावर सौदे करायचे. पण स्वतः चिमूटभर तोंडात टाकली न्हाय कधी. ते नाक अजून तसंच. नवीन रेकॉर्ड आली की आधी कव्हर फोडून वास घेणार, डोळे मिटणार, मग म्हणणार, ‘ओली हाय अजून. दोन दिवस ठेवू.’ प्लास्टिकच्या तबकडीला कसला ओलेपणा, हे विचारायचं न्हाय. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘तुला नाक कशाला दिलंय मग? चष्मा ठेवायला?’

गाण्याचा वेळ चार ते दिवस मावळेपर्यंत. दिवस मावळायच्या आत जेवण, हा जैनाघरचा शिरस्ता, आणि जेवणाच्या आधी गाणं बंद, हा आप्पांचा. उन्हाळ्यात चांगल्या तीन-चार रेकॉर्डी व्हायच्या. थंडीत एकच, ती पण कधी कधी एका बाजूवर भागवायची. प्लेअर चालू करायच्या आधी मोराच्या पिसानं तबकडी झाडणार. मग खाली वाकून बघणार, मुंगी-बिंगी चढलीया का. एकदा एक मुंगी खरंच तबकडीवर हुती. आम्ही सगळी बसून ऱ्हायलो, आणि ती बाई अशी निवांत चालली जशी काय रविवारचा बाजार करायला निघालीया. पार काठावरनं उतरली तेव्हा आप्पांनी सुई टेकवली. म्हणाले, ‘तिनं पण पुरी बाजू ऐकली, फक्त पायानं.’

गाणी कसली म्हणाल तर जमैकाची, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. रेगे म्हणतात ते, आणि त्याच्या जरा आधीचं रॉकस्टेडी. संथ चाल. आपण टाळी वाजवतो तिथं ती माणसं गप्प, आणि आपण गप्प बसतो तिथं गिटार ‘चिक्’ करतंय. पहिले आठ दिवस मला चालताना ठेच लागल्यासारखं व्हायचं. मग एक दिवस हापिसात पार्सलावर शिक्के मारताना बघतो तर माझा शिक्का पण उशिराच पडायला लागलाय.

आप्पांकडं एक पण जुनी, तेव्हाची रेकॉर्ड न्हाय. सगळ्या परत छापलेल्या, इंग्लंडहून नाहीतर फ्रान्सहून मागवलेल्या. मी म्हटलं, ‘आप्पा, शौकीन लोक तर पहिल्या छापाच्या मागं पळतात म्हणे.’

‘पळू देत. जुनं शोधायला लागलं की हाव सुटते रं. परत छापलेलं घेतलं की नुसती आवड ऱ्हाते. आणि आत्मा तोच हाय की. देह नवा मिळालाय, एवढंच.’

हाव हा शब्द ते उगाच म्हणत नव्हते. एका चातुर्मासात गावात महाराज आलते, त्यांच्यापुढं आप्पांनी नेम घेतलेला: जवळ एक्कावन्न तबकड्या ठेवीन, बावन्नावी ठेवणार न्हाय. म्हणजे एक नवी आली की एक घरातनं बाहेर. विकायची न्हाय, द्यायची. आणि द्यायची कुणाला, तर गावात. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला, भजीवाल्या मावशीला, कन्नड शाळेतनं रिटायर झालेल्या शिपायाला. पाळी ठरलेली असायची. आता ह्यातल्या कुणाच्या घरी रेकॉर्ड वाजवायला काय हाय? काय न्हाय. म्हणून ही माणसं चार वाजता आपापली तबकडी काखेत मारून आप्पांकडं यायची, स्वतःची रेकॉर्ड ऐकायला. ‘आज माझी आधी लावा,’ म्हणून मावशी भांडायची. सलूनवाल्यानं तर त्याची आरशाशेजारी टांगलेली, कव्हरवर सूटबूट घातलेला, हॅट तिरकी केलेला गायक. गिऱ्हाईकं विचारायची, ‘ह्यो कोण रं?’ हा म्हणायचा, ‘आमच्यातलाच हाय.’

आक्का, म्हणजे आप्पांची बायको, हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातनं बघायची आणि बोलायची. ‘गावभर वाटून ठेवायचं, रोज मागवून ऐकायचं, आणि वर म्हणे नेम! लाडू शेजारणीच्या डब्यात ठेवून उपास धरल्यासारखं हाय हे.’ असं म्हणत चहा मात्र सगळ्यांना देणार. शिपायाला बिनसाखरेचा, ते पण न विचारता.

पण हे खूळ शिरलं कसं? ते लोंढ्याला शिरलं.

आप्पा चोवीस वर्षांचे. धारवाडला मुलगी बघायला निघालेले, एकटेच, कारण चुलते आदल्या दिवशी पुढं गेलते. लोंढ्याला गाडी बदलायची. तिथं बाकावर एक परदेशी पोरगा, गोव्याकडं निघालेला, मांडीवर टेपरेकॉर्डर. त्यावर एक गाणं लागलं. आप्पा सांगायचे, ‘धारवाडची गाडी आली. मला दिसली. शिट्टी झाली, ती पण ऐकली. गाडी हालली. मी बघतोय, गाडी चाललीया, आणि माझा पाय उचलंना.’ गाणं संपलं, त्या पोराची गाडी आली, तो गेला. नाव विचारायचं ऱ्हायलंच. आप्पा दुसऱ्या दिवशी धारवाडला पोचले, चेपलेले पेढे घेऊन.

ती मुलगी म्हणजे आक्का. ती सांगायची, ‘बाकीची पोरं आली, शेती सांगितली, वखारी सांगितल्या. ह्यास्नी उशीर का झाला विचारलं तर म्हणाले, गाणं ऐकत हुतो. माझ्या बाबाला वाटलं येडं हाय. मला वाटलं, असू दे, खोटं तरी बोलत न्हाय.’

ते एक गाणं आप्पा शोधत हुते. संसार झाला, पोरी दिल्या, पेन्शन लागली, आणि बेळगावात कॅम्पातल्या एका बंद पडणाऱ्या हॉटेलातनं प्लेअर मिळाला, तिथनं सुरू. प्रत्येक नवी तबकडी त्याच आशेनं यायची. शेवटची बाजू संपली की म्हणायचे, ‘हे न्हाय. पण वाईट न्हाय.’ आणि पुढची मागवायचे.

इथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, ‘आप्पा, गाणं म्हणून दाखवा. मी तोंडानं वाजवतो.’

आप्पांनी म्हटलं. खोटं कशाला सांगू, देवळातली आरती आणि बैलाला दिलेली हाक ह्यांच्या मधलं काय तरी निघालं. मग मी हिंडलग्याच्या जेलात नेमणूक झाल्यासारखी चौकशीच लावली. रोज संध्याकाळी. ‘सुरुवातीला गिटारची जाड तार वाजते का ढोल? वर चढते का खाली उतरते? गाणारा कसा गातो?’

‘दाढ दुखतीया पण कुणाला सांगायचं न्हाय, असा.’

तसा गायलो.

‘डावी न्हाय रं. उजवी दाढ.’

मावशीला हे लई आवडायचं. भजी सोडून बसायची. ‘ह्याला जरा खोकला झाल्यासारखा करू दे, आप्पा.’ महिनाभर चाललं. जाड तारेचं ‘दुम्, दु-दुम्’ मी छातीतनं काढायचो, गिटारचं ‘चिक्’ जिभेनं, ढोलाच्या काठाचं ‘टक्’ टाळूला. एक दिवस सगळं जुळलं. आप्पा खुर्चीतनं उठले, आणि हात खाली नेऊन काय तरी चाचपायला लागले. मला कळंना. मग कळलं, ते बॅग शोधत हुते. गाडी आलीया असं वाटलं त्यांना.

मी ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि असल्या गाण्यांच्या शौकिनांचा एक जगभरचा ग्रुप हाय, तिथं टाकलं. आप्पांना न सांगता. हसणारे लई आले. कुणी म्हणालं, पोराला डॉक्टरकडं न्या. पण तिसऱ्या दिवशी किंग्स्टनकडच्या एका म्हातारीनं लिहिलं, गाणं अमुक हाय, तोंडानं बरं वाजवलंय पण ऑर्गन पार चुकवलंय, तिचा भाऊच वाजवायचा त्यात, म्हणून तिला सहन झालं न्हाय. इतक्या लांबनं मला मिळालेला हा पहिला दम. खाली तिनंच लिहिलेलं, ते गाणं इंग्लंडात नुकतंच परत छापलंय, एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, शेवटी. गाण्याचं नाव मी तुम्हाला सांगणार न्हाय. ते आप्पांचं हाय.

मी लगेच मागवलं. आणि उड्या मारत आक्काला सांगायला गेलो. ती मेथी निवडत हुती. हात थांबला तिचा.

‘काय करून बसलाईस रं हे.’

‘का? गावलं की!’

‘महाराजांपुढं ते काय बोललेत म्हाईत हाय का तुला? जे शोधतोय ते गावलं की तेवढं एक ठेवीन, बाकीच्या पन्नास देऊन टाकीन. नेमातच हाय ते.’

माझ्या उड्या तिथंच थांबल्या.

‘ते देतील. दिल्याशिवाय ऱ्हायचे न्हाईत. मग चार वाजता काय करणार बसून? एकच गाणं ऐकणार? आणि ही सगळी कशाला येतील?’ तिनं मेथीची जुडी उचलली आणि परत ठेवली. ‘मला काय, चहाचं पातेलं लहान घ्यायला लागंल. पण त्यांचं काय?’

पार्सल आलं ते माझ्याच हापिसात. चौकोनी, चपटं. मी ते दोन दिवस टेबलाखाली ठेवलं. मला हेडमास्तर येतात, कंडक्टर येतात, आमदार येतात, पण साळसूद माणूस काढायला येत न्हाय. दुसऱ्या दिवशी आप्पांनी जिन्यातच धरलं. ‘काय रं, तोंड असं का? पोट साफ न्हाय?’ तिसऱ्या दिवशी पार्सल आणून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, ‘माझ्याकडनं भेट.’ आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

थंडीचे दिवस. सलूनवाला, मावशी, शिपाई, तिघं आलेले. आप्पांनी वास घेतला. ‘ओली हाय,’ म्हणाले, पण मी आणलेली म्हणून लगेच लावली. पिसानं झाडली, वाकून बघितलं. पहिली बाजू झाली. उलटली. आतनं आक्काची हाक, ‘अवो, पानं वाढलीत. दिवस चाललाय.’

‘आलो.’

शेवटचं गाणं सुरू झालं. दुम्, दु-दुम्.

आप्पांचा हात गुडघ्यावर हुता, तो तिथंच ऱ्हायला. पायाचा अंगठा फरशीवर पडायला लागला, आपण गप्प बसतो त्या जागी, बरोब्बर. तोंड मिटलेलं. डोळ्यातनं पाणी निघालं आणि सरळ हनवटीपर्यंत गेलं, त्यांनी पुसलं न्हाय. आक्काची दुसरी हाक आली, ती कुणी ऐकली न्हाय. गाणं संपलं. सुई रिकाम्या जागेत खर्र-टक्, खर्र-टक् करत फिरत ऱ्हायली, आणि सुई वाया जाते म्हणून गावाला शिकवणारा हा माणूस ती उचलंना. बाहेर ऊन गेलं.

‘आप्पा,’ मी म्हटलं, ‘हेच का?’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मावशीकडं बघितलं, तिच्या मांडीवर तिची रेकॉर्ड, वर पदर टाकलेला. शिपायाकडं बघितलं, तो कप दोन्ही हातात धरून बसलेला.

‘न्हाय,’ म्हणाले. ‘चाल जवळची हाय. पण हे न्हाय.’

सगळी हळहळली. ‘गावंल हो, आप्पा,’ मावशी म्हणाली. आणि सलूनवाला उठला, हात पुढं केला. ‘मग ही मलाच द्या की. पाळी माझीच हाय, आणि नवी कोरी हाय.’

बरोबरच हुतं त्याचं. बावन्नावी आलेली, एक जायला पाहिजे, आणि शोधतोय ती न्हाय म्हणाल्यावर हीच जायला काय हरकत? आप्पांनी तबकडी कव्हरात घातली. कव्हर छातीशी धरलं. दिलं न्हाय.

‘ही नको तुला.’

‘का?’

‘ह्यातलं... शेवटचं गाणं बरं न्हाय.’

आणि कपाट उघडून त्यांनी दुसरी काढली. त्यांची सगळ्यात लाडकी. ती मावशीनं तीन वर्षं मागितलेली आणि दिली नव्हती, ती सलूनवाल्याच्या हातात कोंबली. ‘जा. जावा सगळी. उशीर झाला.’ सलूनवाला रेकॉर्डकडं बघतोय, मावशी सलूनवाल्याकडं बघतीया, शिपाई कप कुठं ठेवू म्हणून बघतोय. दारात आक्का उभी. तिनं सगळं बघितलेलं.

माणसं गेली. मी वर जातोय असं दाखवून जिन्यात बसलो. आतनं भांड्यांचा आवाज सुरू झाला, आणि मग आक्का.

‘जेवण गेलं. वाढलेलं पान तसंच ऱ्हायलं. दिवस गेला, नेम गेला, आणि आज खरं बोलणं पण गेलं. एका संध्याकाळी माणसानं किती घालवायचं?’

एक पातेलं खर्रकन सरकलं.

‘हे न्हाय म्हणे! अंगठा फरशी कुटतोय, पाणी हनवटीवर आलंय, आणि तोंडानं हे न्हाय! खोटं बोलायचं तर जरा शिकून तरी घ्यायचं. माडीवर मास्तर ठेवलाय न्हवं, सोंगं करणारा?’

‘अगं, खरं बोललो असतो तर सगळ्या द्यायला लागल्या असत्या.’

‘मग द्यायच्या!’

‘आणि मग कोण येणार गं? तू, मी आणि एक तबकडी. शिपायाच्या घरी बोलायला कोण हाय? त्यो गाणं ऐकायला येतोय व्हय?’

‘साकू! पुरं!’ तिचं कन्नड बाहेर पडलं म्हणजे पारा चढला. काय तरी दणकन आपटलं, बहुतेक पोळपाट. ‘अवो, मला पण आधी असंच वाटलं, मग हिशेब केला. पन्नास तबकड्या पन्नास घरांत जातील. त्या घरांत वाजवायला काय हाय? निपाणीत असला प्लेअर दुसरा कुणाकडं हाय? जातील कुठं मग ती माणसं? आज तिघं येत्यात, उद्या पन्नास येतील, बायका-पोरं घेऊन येतील! माझ्या घरात कपबशा आठ हाईत. त्याची काळजी करायची सोडून माणूस खोटं बोलत बसलंय!’

मग आप्पांचा आवाज, एकदम बारीक: ‘हे माझ्या ध्यानात आलं न्हाय.’

‘यायचं न्हायच. ध्यान सगळं त्या सुईत. माळ्यावर ट्रंक हाय, उघडा. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून ठेवल्यात, पन्नास. महाराजांपुढं बोललासा त्याच चातुर्मासात शिवल्या. हातोहात उघड्या तबकड्या देणार हुतासा काय गावाला, लाज न्हाय? आणि सकाळी उठल्या उठल्या सलूनात जायचं. दाढीला बसायचं. वस्तरा मानेवर आला की खरं काय ते सांगायचं, म्हणजे हलता येणार न्हाय. मग देवळात. काय प्रायश्चित्त देतील ते घ्यायचं, माझ्यापुढं रडायचं न्हाय. आज उपाशी निजा.’

‘निजतो.’

‘आणि निजायच्या आधी ते गाणं परत लावा. मला ऐकायचंय, माझ्या बघण्याच्या दिवशी माझ्यापेक्षा कोण बरं वाटलं तुम्हाला ते.’

मी जिन्यात तोंडावर हात दाबून बसलेलो. तेवढ्यात आवाज सरळ माझ्याकडं वळला.

‘आणि जिन्यातल्या माकडा! बसून माझा आवाज पाठ करतोस न्हवं? कर. पण कुठं काढून दाखवशील तर नीट काढ, मी एवढी हळू ओरडत न्हाय. आता उठ आणि शिडी आण. ट्रंक काय तुझा बाप उतरवणार हाय?’